सुसाना विन्स्लो हिचें माहेर : एका वंशशोधाची चिकित्सा

इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेंतील वसाहतींचा इतिहास हा आपल्या त्रैमासिकाचा नेहमींचा विषय नव्हे. तथापि एखाद्या वंशावळीचा वाद कितीही दूरच्या प्रदेशांत उपस्थित झालेला असो, त्याला लागणाऱ्या कसोट्या आपल्या दप्तरांच्या अभ्यासांतीलच असतात. आणि परक्यांच्या घरची वंशावळ तपासतांना आपलें मन आप्तपक्षपातापासून मोकळें असल्यामुळें त्या कसोट्या लावणेंही सोपें जातें. मे-फ्लॉवर जहाजांतून इ. स. १६२० मध्यें प्लिमथ येथें गेलेल्या सुसाना नांवाच्या बाईचें माहेर कोणतें, हा असाच एक वाद आहे. शंभराहून अधिक वर्षें ती फुलर घराण्यांतील म्हणून छापली गेली. इ. स. २०१७ मध्यें ‘दि अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकांत केलेब जॉन्सन, स्यू ॲलन व सायमन नील या तिघांनीं मिळून लेख लिहिला, आणि ती नॉटिंगहॅमशायरांतील स्क्रूबी गांवच्या रिचर्ड जॅक्सन याची कन्या होय, असें प्रतिपादन केलें. हें मत आतां बहुतेक सर्वमान्य झालें आहे. तें योग्य आहे, असेंच प्रस्तुत लेखकाचेंही मत आहे. परंतु निर्णय योग्य असणें आणि तो कोणत्या प्रमाणानें किती सिद्ध झाला हें समजणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. व दुसरीच्या विवेचनासाठीं हा लेख आहे.

प्रथम निर्विवाद हकीकत सांगतों. विल्यम व्हाइट नांवाचा गृहस्थ, त्याची बायको सुसाना, मुलगा रिझॉल्व्ड आणि दोन नोकर, इतकीं माणसें मे-फ्लॉवरवर होतीं. जहाज केप कॉडच्या बंदरांत नांगर टाकून असतांना नोव्हेंबरअखेरीस सुसानेला दुसरा मुलगा झाला. त्याचें नांव पेरेग्रीन, म्हणजे प्रवासी किंवा यात्रेकरू, असें ठेविलें. पहिल्या हिवाळ्यांत एकंदर १०२ उतारूंपैकीं निम्मेअर्धे मेले. त्यांत २१ फेब्रुवारी रोजीं विल्यम व्हाइटही वारला. त्याच जहाजांतील एडवर्ड विन्स्लो याची बायको एलिझाबेथ २४ मार्चला गेली. नंतर १२ मे रोजीं विन्स्लो व सुसाना यांचें लग्न लागलें. प्लिमथ वसाहतींतील हें पहिलें लग्न. तें धर्मोपदेशकानें लाविलें नसून न्यायाधिकाऱ्यापुढें, हॉलंडांतील रिवाजाप्रमाणें, झालें. त्या वर्षाच्या शरदांत वसाहतींत हयात असलेल्या प्रौढ विवाहित स्त्रिया अवघ्या चार होत्या, व सुसाना त्यांतील एक होती. पुढें विन्स्लो हा तीन वेळां प्लिमथचा गव्हर्नर झाला, आणि सुसानेचा त्याच्यापासून झालेला मुलगा जोसाया हा १६७३ पासून १६८० पर्यंत त्याच पदावर होता. इतक्या प्रसिद्ध घरांतील या बाईचा बाप कोण, हें मात्र ज्या समकालीनांनीं तिच्या मुलांची व नवऱ्यांची नोंद ठेविली त्यांपैकीं कोणीही लिहून ठेविलें नाहीं.

वरील तारखांसंबंधीं एक गोष्ट येथेंच स्पष्ट केली पाहिजे. कारण ती न समजल्यामुळें हौशी वंशशोधकांनीं बराच घोटाळा केला आहे. त्या काळीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. यामुळें व्हाइटच्या मृत्यूची तारीख जुन्या पद्धतीनें २१ फेब्रुवारी १६२० अशी पडते, आणि पेरेग्रीनच्या जन्माची नोव्हेंबर १६२० अशी. दोन्ही आंकडे सरळ वाचले तर मुलगा बापाच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनीं जन्मला असें होतें! वस्तुतः बाप मुलाच्या जन्मानंतर तीन महिन्यांनीं मेला. तसेंच एलिझाबेथ विन्स्लो ही २४ मार्चला, म्हणजे जुन्या १६२० च्या अगदीं शेवटच्या दिवशीं वारली, आणि लग्न ‘१६२१’ च्या मे महिन्यांत झालें. आंकड्यांवर भिस्त ठेवणारास मध्यें वर्षभर गेल्याचा भास होतो. मोजून पाहतां एलिझाबेथीच्या मृत्यूपासून लग्नापर्यंत ४९ दिवस, व व्हाइटच्या मृत्यूपासून ८० दिवस भरतात. शिवाय लायडेन शहरांत, म्हणजे या मंडळींपैकीं बरीच जेथें दहा-अकरा वर्षें राहिलीं तेथें, नवी ग्रेगरी कालगणना चालू होती. तिच्यांत व इंग्लंडच्या गणनेंत दहा दिवसांचें अंतर. शुहूर सन मृगांत बदलतो हें विसरून पत्रांची वर्षें लावणारे आपल्याकडेही झाले आहेत. तेव्हां या प्रकाराबद्दल अमेरिकनांस हंसण्याचा आपणांस विशेष अधिकार नाहीं.

आतां साधनें. यांत पहिलें व मुख्य म्हणजे विल्यम ब्रॅडफर्ड याचा प्लिमथ वसाहतीचा हस्तलिखित इतिहास. उतारूंची यादी त्याच्या शेवटीं आहे. या पोथीची कथा संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी अशी आहे. अठराव्या शतकांत ती बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमधील टॉमस प्रिन्स याच्या संग्रहांत होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत ती नाहींशी झाली, आणि लंडनच्या बिशपाच्या फुलहॅम येथील वाड्यांतील ग्रंथालयांत १८५५ मध्यें ओळखली गेली. १८५६ मध्यें मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीनें ती प्रथम संपूर्ण छापली. मूळ पोथी १८९७ त अमेरिकेस परत गेली. याचा अर्थ असा कीं, १८५६ पूर्वीं मे-फ्लॉवरच्या कुटुंबांविषयीं जें लिहिलें गेलें त्यांतील बरेंचसें ही यादी न पाहतां लिहिलें गेलें. दुसरें साधन ब्रॅडफर्डचेंच एक टिपणवहीवजा पुस्तक. व्हाइट व एलिझाबेथ विन्स्लो यांच्या मृत्यूच्या आणि लग्नाच्या तारखा तेथून प्रिन्सनें आपल्या १७३६ च्या कालानुक्रमांत उतरून घेतल्या. ती वही आज उपलब्ध नाहीं. तेव्हां या तारखा आपणांस नकलेवरूनच मिळतात, हें ध्यानांत ठेवावें. प्रिन्स हा मोठा काटेकोर नकलकार होता, म्हणून त्या मानावयास हरकत नाहीं. तिसरें साधन १६२२ मध्यें लंडनांत छापलेली वसाहतीच्या पहिल्या वर्षाची हकीकत. तींत पेरेग्रीनच्या जन्माचा उल्लेख आहे, पण आईचा निर्देश केवळ ‘मिसेस व्हाइट’ एवढाच. चौथें, १६२७ ची गुरांच्या वाटणीची यादी. बारा गटांत प्रत्येकीं तेरा माणसें घालून गुरें वांटलीं; सबब ती जवळजवळ शिरगणतीच झाली. तींत सुसाना विन्स्लो हें नांव आहे.

या चारही साधनांत माहेरचें नांव नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा मोह एकोणिसाव्या शतकांतील शोधकांस झाला, आणि त्यांस लायडेनच्या विवाहनोंदी सांपडल्या. त्यांत १६१२ च्या आरंभीं विल्यम व्हाइट नांवाच्या लोंकर पिंजणाऱ्याचें लग्न ॲन फुलर हिच्याशीं लागल्याची नोंद आहे, व वधूच्या बाजूनें सॅम्युएल फुलर हजर आहे. सॅम्युएल फुलर हा पुढें मे-फ्लॉवरवर आला व प्लिमथचा वैद्य म्हणून नांवाजला. त्याचा भाऊ एडवर्ड हाही त्याच जहाजावर होता. मग काय विचारतां! व्हाइट लायडेनचा, बायको फुलरांची बहीण, आणि फुलर बंधू त्याच जहाजावर. सर्व कसें जेथल्या तेथें बसलें. ‘ॲन’ ची ‘सुसाना’ कशी झाली, याला उत्तर असें दिलें गेलें कीं, सुसानेचें घरगुती रूप ॲना असूं शकतें व डच कारकुनानें तेंच लिहिलें असेल.

या तर्काचें खरें बळ कशांत होतें तें पाहणें मनोरंजक आहे. ‘विल्यम’ हें नांव आणि ‘व्हाइट’ हें उपनांव, दोन्ही इंग्रजांत इतकीं सामान्य आहेत कीं, कागदावर दोन ठिकाणीं विल्यम व्हाइट आढळला म्हणजे माणूस एकच, असें म्हणणें हें सदाशिव जोशी या नांवाचे दोन गृहस्थ एकच मानण्यासारखें आहे. मे-फ्लॉवरवरील व्हाइट लायडेनकर होता कीं लंडनकर, याविषयींही मतभेद आहेत. म्हणजे व्यक्तीचें ऐक्य गृहीत, स्थळ गृहीत, आणि बायकोच्या नांवाचा भेद समजुतीनें मिटविलेला. तीन गृहीतें एकमेकांस टेकू देऊन उभीं होतीं. तरीही हें मत टिकलें, कारण तें सोयीचें होतें. मे-फ्लॉवरच्या वंशजांची संस्था १८९७ मध्यें स्थापन झाली. वंशज म्हणून नांव नोंदवावयाचें तर वंशावळ सादर करावी लागते, आणि अशा वंशावळींत मोकळी जागा फारशी कोणाला आवडत नाहीं. एकदां छापील पुस्तकांत ‘फुलर’ हें नांव आलें कीं पुढचा लेखक मागच्याचा आधार देई, व त्याच्या पुढचा दोघांचा. पुरावा एकच असतांना तो दहा झाल्याचा भास होऊं लागला. आपल्या कुलवृत्तांतांच्या संपादकांस हा अनुभव नवा नाहीं.

हें मत ज्या कागदानें पडलें तो कागद म्हणजे एक साधें कौटुंबिक पत्र. एडवर्ड विन्स्लो हा वसाहतीच्या कामाकरितां सप्टेंबर १६२३ मध्यें प्लिमथहून निघून इंग्लंडास आला. तेथून ३० ऑक्टोबर १६२३ रोजीं त्यानें लिंकनशायरांतील स्पॉल्डिंग येथील रॉबर्ट जॅक्सन यास पत्र लिहिलें व त्यास ‘अंकल’ म्हणून संबोधिलें. हें पत्र विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत छापून प्रसिद्ध झालें. पत्राचा सारांश असा : सुमारें दोन वर्षांपूर्वीं आपण आपल्या सासऱ्यास पत्र लिहून त्याचा पूर्वींचा जांवई व्हाइट याच्या मृत्यूची, त्याच्या मुलीच्या व तिच्या दोन मुलांच्या खुशालीची, व ती आतां आपली बायको झाल्याची हकीकत कळविली होती, आपणांपासून तिला एक मूल झालें तें देवानें परत नेलें, निघतेवेळीं ती पुनः गरोदर होती, आणि तिच्या बाळंतपणापूर्वीं परत पोंचण्याची आपणांस आशा आहे. ती आशा सफल झाली कीं नाहीं हें पत्रावरून अर्थातच कळत नाहीं. विन्स्लो प्लिमथास परतला तो मार्च १६२४ मध्यें, तीन कालवडी व एक वळू घेऊन. हीं त्या वसाहतींत पोंचलेलीं पहिलीं गुरें होत. १६२७ च्या वाटणीच्या यादींतील गुरांचा आरंभ येथूनच आहे.

आतां या पत्राचा अर्थ. सुसानेचा बाप १६२१ च्या अखेरीस जिवंत आहे, निदान त्याच्या जांवयाच्या समजुतीप्रमाणें तरी आहे. फुलर बंधूंचा बाप रॉबर्ट फुलर हा नॉर्फोकांतील रेडनहॉल गांवचा खाटीक. तो १६१४ सालीं वारला होता. मेलेल्या सासऱ्यास जांवयानें सात वर्षांनीं पत्र लिहिलें असें म्हणतां येत नाहीं. येथें फुलरमताचा शेवट झाला पाहिजे होता.

परंतु प्रतिपक्षाच्या वतीनें जेवढें म्हणतां येईल तेवढें म्हटल्याशिवाय निर्णय देऊं नये, या नियमाप्रमाणें एक शंका विचारांत घेतली पाहिजे. सतराव्या शतकांतील इंग्रजींत नातेवाचक शब्द आजच्याइतके नेमके नव्हते. सासरा या अर्थाचा जो शब्द तोच सावत्र बापालाही लावीत. जांवयास नुसतें ‘सन’ म्हणत, आणि पुतण्यास वा भाच्यास ‘कझिन’ म्हणण्याचीही चाल होती. म्हणून विन्स्लोनें ज्याला पत्र लिहिलें तो त्याचा स्वतःचा सावत्र बाप असेल काय? तर नाहीं. कारण पत्रांत त्या गृहस्थाच्या संबंधानें त्याचा पूर्वींचा जांवई, त्याची मुलगी व तिचीं दोन मुलें असा सर्व संदर्भ आला आहे. संदर्भानें शब्दाचा अर्थ बांधून टाकला आहे. माधवराव पेशव्यांच्या पत्रांतील ‘तीर्थरूप दादासाहेब’ हे शब्द वाचून रघुनाथराव हा माधवरावांचा बाप होता असें ज्याला वाटेल, त्याला संदर्भ वाचावयास सांगणें हाच उपाय. तोच येथेंही लागू आहे. तो गृहस्थ सुसानेचा सावत्र बाप असावा, अशी दुसरी पळवाट काढतां येईल. परंतु तीसाठीं रॉबर्ट फुलरच्या मरणानंतर तिच्या आईनें पुनर्विवाह केल्याचा पुरावा पुढें आणण्याचा भार ती काढणारावर आहे, आणि तसा पुरावा कोणीं आणलेला नाहीं.

येथपर्यंत खंडन झालें. मंडनाच्या बाबतींत मात्र हें पत्र बरेंच दुबळें आहे, हें पुष्कळ लेखकांच्या ध्यानांत आलें नाहीं. आपल्याकडे काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा यांस निरनिराळे शब्द आहेत; इंग्रज या सर्वांस एकाच शब्दांत गुंडाळतो. रॉबर्ट जॅक्सन हा सुसानेचा चुलता असेल तर तिचें माहेरचें आडनांव जॅक्सन. तो तिचा मामा असेल तर जॅक्सन हें तिच्या आईचें माहेर, आणि तिचें स्वतःचें आडनांव दुसरेंच. मावसा किंवा आत्याचा नवरा असेल तर जॅक्सन घराण्याशीं तिचा रक्तसंबंधच नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो विन्स्लोच्या बाजूचाच ‘अंकल’ नसेल कशावरून, असेंही कोणी विचारूं शकेल. त्याला मात्र उत्तर आहे. सासऱ्याची, सुसानेची व तिच्या मुलांची बातमी ज्याला विस्तारानें द्यावी वाटली तो मनुष्य तिच्या बाजूचाच असणें स्वाभाविक आहे. पण ‘स्वाभाविक’ हा शब्द ‘सिद्ध’ या शब्दाच्या जागीं वापरतां येत नाहीं. पत्र हातांत आल्यावरही सुसाना ही जॅक्सन होय असें कोणी ठामपणें म्हणाला असता तर तें धाडसच झालें असतें. या दृष्टीनें, पत्र छापलें गेल्यापासून २०१७ पर्यंत सावध शोधकांनीं तिच्या माहेराची जागा मोकळी ठेविली, ही मला या सर्व प्रकरणांतील सर्वांत अभिनंदनीय गोष्ट वाटते.

जॉन्सन, ॲलन व नील यांच्या लेखाचें मोल तें येथें. त्यांनीं स्पॉल्डिंगच्या रॉबर्टापासून आरंभ करून त्याचें कुटुंब इंग्लंडच्या दप्तरखान्यांतील कागदांत शोधिलें, आणि त्यास रिचर्ड जॅक्सन याच्याशीं जोडून दाखविलें. रिचर्ड हा स्क्रूबी येथें राहत होता, व त्याच्या बायकोचें नांव मेरी पेटिंजर असें त्यांनीं दिलें आहे. स्क्रूबी या नांवानें प्लिमथच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे कान टवकारले पाहिजेत. याच गांवीं टपालाचा अधिकारी विल्यम ब्रूस्टर राहत होता, त्याच्याच घरीं ती गुप्त प्रार्थनामंडळी जमे, आणि तीच पुढें हॉलंडांत व अमेरिकेंत गेली. आणि रिचर्ड जॅक्सन हें नांव त्या मंडळीच्या इतिहासांत नवें नाहीं. यॉर्कच्या धर्मन्यायालयानें १६०७ च्या डिसेंबरांत ब्रूस्टर व जॅक्सन यांच्यावर धर्मविषयक अवज्ञेबद्दल समन्स काढलें होतें. ते हजर न राहिल्यामुळें १६०८ त ब्रूस्टर, जॅक्सन व रॉबर्ट रॉचेस्टर या तिघां स्क्रूबीकरांवर प्रत्येकीं वीस पौंड दंड बसला. हा कागद एकोणिसाव्या शतकापासून छापील आहे. ब्रूस्टरच्या चरित्रकारांनीं तो वारंवार उद्धृत केला, पण त्यांतील दुसऱ्या नांवाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. ब्रूस्टर प्रसिद्ध, म्हणून त्याचें नांव वाचलें. जॅक्सन अप्रसिद्ध, म्हणून तो केवळ ‘व इतर’ झाला. सुसानेचा बाप इतकीं वर्षें छापील पानावर सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

या निर्णयावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. सुसानेच्या नामकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्याची, चर्चची नोंद दाखवा, असें वंशशोधांत नेहमीं मागतात. स्क्रूबीच्या चर्चच्या नोंदवह्या १६९५ पासूनच्या आहेत. त्यापूर्वींच्या उरलेल्या नाहींत. तेथून जवळच असलेल्या ऑस्टरफील्डची नोंदवही सुदैवानें टिकली, म्हणून ब्रॅडफर्डच्या बाप्तिस्म्याची १५९० ची नोंद आपणांस पाहतां येते; सुसानेच्या वांट्याला तें भाग्य आलें नाहीं. अशा स्थितींत प्रत्यक्ष नोंद नाहीं म्हणून परिस्थितिजन्य प्रमाण टाकून द्यावयाचें, असा हट्ट धरला तर जगांतील निम्म्या वंशावळी कोऱ्या राहतील. परिस्थितिजन्य प्रमाणाची किंमत त्याच्या साखळींतील दुवे परस्परांपासून स्वतंत्र आहेत कीं नाहींत, यावर ठरते. फुलरमताचे दुवे स्वतंत्र नव्हते. एकच विवाहनोंद तीनदां मोजलेली होती. जॅक्सनमतांत विन्स्लोचें पत्र, यॉर्कच्या न्यायालयाचा कागद व जॅक्सन कुटुंबाचे कागद हे तीन निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या हेतूंनीं, निरनिराळ्या कचेऱ्यांतून निर्माण झाले आहेत. त्यांतील कोणाचाही उद्देश सुसानेचें माहेर सिद्ध करण्याचा नव्हता. आणि हीच त्यांची साक्ष ग्राह्य धरण्याचें मुख्य कारण आहे.

वयाची कसोटीही लावून पाहावी. जोसायाचा जन्म १६२८-२९ च्या सुमारास झाला. म्हणून त्याची आई सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या फार पूर्वीं जन्मलेली असणें संभवत नाहीं. सुसानेच्या जागीं ज्या कोणाचें नांव सुचविलें जाईल त्या प्रत्येक स्त्रीस ही चाळणी लागू आहे. वंशावळी जुळविणारे बापाचें नांव व मुलाचें नांव यांचा मेळ घालतात, पण मुलें होणाऱ्या बाईचें वय मोजण्याची तसदी क्वचितच घेतात.

या निर्णयानें सुसानेच्या चरित्राचें स्वरूप किती बदलतें, याचा विचार अमेरिकन लेखकांनीं पुरेसा केलेला दिसत नाहीं. जोंवर ती फुलरांची बहीण होती तोंवर ती लायडेनमधील एका लोंकरवाल्याची बायको म्हणून, भावांच्या पाठोपाठ निघालेली, अशी दिसे. जॅक्सनची कन्या म्हटल्यावर ती त्या मंडळीच्या मूळ गांवची, ब्रूस्टरच्या शेजारची मुलगी ठरते. बापावर दंड बसला तेव्हां ती बहुधा मुलगी वा तरुणी होती, व धर्मासाठीं सरकारचा रोष ओढवून घेणें म्हणजे काय हें तिनें घरींच पाहिलें होतें. ब्रूस्टरची बायको मेरी ही १६२१ च्या शरदांत उरलेल्या त्या चार स्त्रियांपैकींच एक. तेव्हां एका गांवच्या दोघी बायका त्या परक्या किनाऱ्यावर एकत्र होत्या, असें आतां म्हणतां येतें. अडीच महिन्यांच्या वैधव्यानंतर, एक तान्हें व एक लहान मूल पदरीं असतां, तिनें विन्स्लोशीं लग्न केलें याबद्दल मागच्या शतकांतील कांहीं भावनाप्रधान लेखकांनीं नाकें मुरडलीं आहेत. ज्या गांवांत अर्धीं माणसें मेलीं व उरलेल्यांस एकमेकांच्या घराचा आसरा घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें, त्या गांवाची कल्पना त्यांस नसावी.

पेरेग्रीनला १६६५ मध्यें त्या प्रदेशांत जन्मलेलें पहिलें इंग्रज मूल म्हणून दोनशें एकर जमीन मिळाली. तो १७०४ पर्यंत जगला. जन्मलेल्यास इनाम मिळालें. जिनें जहाजावर त्यास जन्म दिला तिच्या बापाचें नांव शोधावयास आणखी साडेतीनशें वर्षें लागलीं. आपल्याकडे गोपिकाबाई रास्त्यांची, आनंदीबाई ओकांची, हें सर्वांस ठाऊक आहे, कारण त्या पेशव्यांच्या घरांत आल्या. ज्या घरांत गादी नव्हती तेथील कुलवृत्तांत उघडून पाहा : पुरुषाची पिढी, त्याचा व्यवसाय, त्याची कीर्द, आणि बायकोच्या जागीं सासरचें एक नांव. माहेर विचारावयास जावें तर ज्यांना माहीत होतें त्या वृद्धा गेलेल्या. इंग्रजांत लग्नाबरोबर आडनांव बदलतें, आपल्याकडे बहुधा दोन्ही नांवें बदलतात. म्हणून आपलें काम अधिक कठीण आहे, व म्हणूनच आपल्या संग्राहकांनीं जुन्या कागदांत लग्नाच्या याद्या, आहेराच्या याद्या व व्याह्यांचीं पत्रें आढळल्यास तीं किरकोळ म्हणून टाकून देऊं नयेत. विन्स्लोचें पत्रही छापणारास प्रथमदर्शनीं किरकोळच वाटलें असेल.

सुसानेच्या संबंधांतील एका वस्तूविषयीं लिहून हा लेख आटोपतों. विन्स्लो पुढें इंग्लंडांत गेला व तेथेंच राहिला. १६५१ मध्यें लंडनांत त्याचें तैलचित्र काढलें गेलें. मे-फ्लॉवरवरील कोणाही माणसाचें तेवढेंच एक विश्वसनीय चित्र आज उपलब्ध आहे, व तें प्लिमथच्या पिल्ग्रिम हॉल संग्रहालयांत आहे. चित्रांत विन्स्लोच्या हातीं एक पत्र आहे, व त्याखालीं प्रेमळ पत्नी या नात्यानें सुसानेची सही रंगविलेली आहे. या चित्रावरून सुसानेस लिहितां येत होतें असें कित्येकांनीं अनुमान काढलें आहे. तें मला मान्य नाहीं. तीं अक्षरें चित्रकाराच्या हातचीं आहेत; मूळ पत्र असलें तरी तें दुसऱ्यानें लिहून दिलेलें असूं शकतें. चित्रावरून सिद्ध होतें तें एवढेंच कीं, १६५१ मध्यें ती जिवंत होती असें मानून विन्स्लोनें तिचें नांव आपल्या चित्रांत घालविलें. १८ डिसेंबर १६५४ च्या त्याच्या मृत्युपत्रांतही तिचा उल्लेख आहे. तो १६५५ च्या मे महिन्यांत, वेस्ट इंडीजवरील आरमारी स्वारींत असतां, जमेकानजीक जहाजावरच वारला व समुद्रांत पुरला गेला.

राहतां राहिलें तें सासऱ्यास लिहिलेलें पत्र. १६२३ च्या पत्रांत विन्स्लो ‘सुमारें दोन वर्षांपूर्वीं’ असें म्हणतो, त्यावरून तें पत्र डिसेंबर १६२१ मध्यें प्लिमथहून निघालेल्या फॉर्च्यून जहाजाबरोबर गेलें असावें असें मीं समजतों. तें जहाज वाटेंत फ्रेंचांनीं पकडून लुटलें. तथापि त्याच जहाजावर १६२२ त छापलेल्या हकीकतीची हस्तलिखित प्रत होती व ती लंडनास पोंचली. म्हणजे सर्वच कागद गेले असें नाहीं. रिचर्ड जॅक्सनला जांवयाचें पत्र पोंचलें असेल, तर तें त्याच्या मुलीच्या वैधव्याची व दुसऱ्या लग्नाची बातमी देणारें पहिलेंच पत्र असणार. नॉटिंगहॅमशायर किंवा यॉर्कशायरमधील एखाद्या जुन्या घराण्याच्या कागदांत, जॅक्सनांच्या मिळकतीच्या दस्तऐवजांच्या गठ्ठ्यांत, तें अजून दडलेलें असणें अशक्य नाहीं. आणि शोध घेणारानें सुसाना, विन्स्लो, प्लिमथ या नांवांखालीं न शोधतां जॅक्सन व पेटिंजर या नांवांखालीं शोधावें.